वुडहाउसचा अंकल फ्रेड: आपण नक्की कोणाला हसतो?

शब्दवेडा

नमस्कार मंडळी. पी. जी. वुडहाउस या इंग्रजी विनोदी लेखकावर इथे आधीही धागे आलेत, पण ते बहुतेक त्याच्या जीव्ह्ज या नोकराच्या गोष्टींचे. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय: ‘अंकल फ्रेड फ्लिट्स बाय’. १९३५ सालची, पुढच्या वर्षी ‘यंग मेन इन स्पॅट्स’ या संग्रहात आलेली. कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हापासून पंधरा-वीस वेळा तरी वाचली असेन. या वेळी वाचताना मात्र एक प्रश्न मनात अडकून बसला.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथानक सांगतो. पाँगो ट्विसलटन हा लंडनच्या ड्रोन्स क्लबातला तरुण. त्याचा काका फ्रेड म्हणजे इकनमचा पाचवा अर्ल, मोठा सरदार माणूस. एरवी बायकोच्या धाकात हँपशायरमधल्या वाड्यावर असतो. ती कुठे गेली की हा लंडनला येतो आणि पुतण्याला घेऊन उंडारायला निघतो. वय साठीकडे झुकलेलं, मन बाविशीतलं. या खेपेला त्याला मिचिंग हिल बघायचं असतं. त्याच्या लहानपणी तिथे सगळं मोकळं रान होतं, जमीन घराण्याची होती. आता प्लॉट पाडून तिथे छोट्या छोट्या घरांच्या रांगा झाल्यात.

तेवढ्यात धो धो पाऊस येतो. दोघं एका घराच्या दारात आडोशाला थांबतात. आत पोपट दिसतो. काका सरळ घंटा वाजवतो आणि दार उघडणाऱ्या बाईला सांगतो, आम्ही पक्ष्यांच्या दुकानातून आलोय, पोपटाची नखं कापायला. पाँगो त्याचा भूल देणारा मदतनीस! बाई दोघांना आत घेते आणि बाहेर निघून जाते. मग एक गुलाबी गालांचा पोरगा येतो आणि ‘मिस्टर रॉडिस का?’ असं विचारतो. काका म्हणतो, ‘हो, मीच.’ त्यानंतर घरमालक रॉडिसची मेहुणी कॉनी, तिचा नवरा क्लॉड आणि मुलगी ज्युलिया येऊन थडकतात. ज्युलियाचं त्या पोरावर, विल्बरफोर्स रॉबिन्सनवर, प्रेम आहे. तिला त्याच्यापासून लांब ठेवायला म्हणून इथे आणून सोडायचा आईबापांचा बेत. पोराचा गुन्हा एवढाच की तो ईल मासे शिजवून त्यांची जेली करतो.

काका रॉडिस बनून पोराची बाजू घेतो, कॉनीच्या सासर-माहेरच्या नसलेल्या भानगडी रचून तिचं नाक कापतो आणि खिशातून शंभर पौंड काढून पोराच्या हातावर ठेवतो, एका धंद्यात भागीदारी घ्यायला. बाहेर पडताना खरा रॉडिस भेटतो. त्याला हा तिसरंच नाव सांगतो, बुलस्ट्रोड, आणि तुमच्या घरात संशयास्पद माणसं शिरलीत, पोलिसांना बोलवा, असा सल्ला देऊन सटकतो.

आता माझा प्रश्न. एका दुपारीत हा माणूस नोकर-कारागीर होतो, मध्यमवर्गीय घरमालक होतो, शेजारी होतो. ज्यांच्या घरात तो शिरतो त्यांना मात्र एक पायरी इकडची तिकडे करता येत नाही. मला वाटतं गोष्टीतला खरा विनोद इथे आहे: नाव टाकून देण्याची मजा ज्याचं नाव पक्कं आहे त्यालाच घेता येते. मग आपण हसतो ते कोणाला? ईल शिजवणाऱ्याला, कॉनीला की रॉडिसला?

कुंदा

शब्दवेडा, छान विषय काढलात. माझ्या मते विल्बरफोर्सला आपण अजिबात हसत नाही. लेखक त्याला गरीब बिचाराही करत नाही. घाबरट आहे, सोफ्यामागे लपतो, पण कष्टाचं खातो आणि पोरीवर मनापासून प्रेम करतो. सगळा मार बसतो तो कॉनीला.

तो नातेवाइकांचा भाग आठवा. कॉनी म्हणते, माझ्या नवऱ्याचा भाऊ चार्ली पार्कर काय म्हणेल? नवरा नुसता ‘हां!’ करतो. मग, हेन्री पार्कर काय म्हणेल? मग नवरा स्वतःहून भर घालतो, आणि चुलतभाऊ आल्फ रॉबिन्स? त्यावर बाईचं ठाम उत्तर, की आल्फ तर शरमेनं मरेल. हे चार्ली, हेन्री, आल्फ कोण, काय करतात, आपल्याला कधीच कळत नाही. पण त्यांची जरब त्या खोलीत भरून राहते. लग्नाच्या बैठकीत ‘आमच्या नागपूरच्या मामांना चालणार नाही’ असं कोणी म्हणालं की सगळे गप्प होतात ना, तसं. त्या मामांना कोणी विचारलेलंही नसतं.

आणि त्यावर काकाचं म्हणणं बघा. तो म्हणतो, ईलची जेली करायला अक्कल लागते. माझ्यासमोर कोणी ईल आणून ठेवला आणि म्हणालं कर याची जेली, तर मी गडबडून जाईन. रॅम्से मॅकडोनल्ड आणि विन्स्टन चर्चिलसुद्धा गडबडतील. १९३५ च्या जूनपर्यंत मॅकडोनल्ड पंतप्रधान होता, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांसमोर ताजा चेहरा. हे वाक्य मी नुसतं विनोद म्हणून वाचत नाही. काम करता येणाऱ्याचा मान त्यात आहे.

लंडनकर

मी गेली अकरा वर्षं दक्षिण लंडनच्या उपनगरात राहतो, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मिचिंग हिल काल्पनिक आहे, पण अशा वस्त्या इथे हव्या तेवढ्या.

ते घर माफेकिंग रोडवर आहे. नुसत्या नावावरून घराचं वय कळतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात माफेकिंगला वेढा पडला होता, तो १७ मे १९०० ला उठला. लंडनमध्ये लोक रात्रभर रस्त्यावर नाचत होते. त्यानंतरच्या काही वर्षांत जिथे नवी घरं बांधली तिथे बिल्डरांनी हे नाव देऊन टाकलं. माफेकिंग रोड लंडनमध्ये आजही आहेत. म्हणजे वस्ती गोष्टीच्या वेळी तीसेक वर्षांची, भिंतीला भिंत लागून असलेली जोडघरं.

आणि घराचं नाव ‘द सीडर्स’. हे मला सगळ्यात हृद्य वाटतं. सीडर म्हणजे देवदाराच्या जातीचं प्रचंड झाड. मोठ्या सरदारी वाड्यांच्या हिरवळीवर लेबनॉनचे सीडर लावायची अठराव्या शतकापासूनची पद्धत. जोडघराच्या पुढच्या अंगणात सायकल आडवी ठेवली तर जागा संपते, तिथे सीडर कुठून येणार? पण फाटकावर पाटी असते. आमच्या गल्लीतही आहेत अशा पाट्या, रंग उडालेल्या, काचेवर कोरलेल्या. शब्दवेडा, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की ज्या घराण्याची जमीन विकून ही घरं झाली, त्याच घराण्याची झाडं पाटीवर नाव म्हणून राहिली. आणि एका पावसाळी दुपारी त्या घराण्याचा माणूस त्याच दारात आडोशाला उभा राहतो. लेखकाने हे कुठे बोलून दाखवलेलं नाही, म्हणून जास्त लागतं.

आता ईल. मी खाल्लेत. टॉवर ब्रिज रोडवर एक जुनं दुकान आहे, पांढऱ्या-हिरव्या फरशांचं, संगमरवरी टेबलांचं. ईलचे जाड तुकडे करतात, व्हिनेगर आणि मसाला घालून पाण्यात उकळतात आणि तसेच थंड होऊ देतात. जिलेटीन वेगळं घालावं लागत नाही, माशातूनच सुटतं आणि गार झालं की थरथरणारी जेली होते. वरून चिलीचं व्हिनेगर. चव सौम्य असते, पण प्रत्येक तुकड्यात मधे काटा, तो तोंडातून काढून ताटलीत ठेवावा लागतो. ईस्ट एंडच्या गोदी कामगारांचं हे स्वस्त, भरपूर खाणं. चारचौघांत काटा थुंकायचा हे उपनगरातल्या ‘सीडर्स’वाल्यांना कसं चालेल? कॉनीची चीड समजून घ्यायची तर ती बशी समोर असायला हवी.

माजी कारकून

लंडनकर, फार सुंदर लिहिलंत.

मला पैशाबद्दल बोलायचंय. त्या काळी साध्या कारकुनाला आठवड्याला तीन-चार पौंड मिळत. म्हणजे शंभर पौंड हा अर्ध्या वर्षाचा पगार. विल्बरफोर्सला कष्टाची लाज नाही, त्याला भांडवल नाही. ईल शिजवण्यापासून धंद्यातल्या भागीदारीपर्यंत जायला शंभर पौंड लागतात. वर्ग बदलायला नेमके किती पैसे लागतात हे विनोदी गोष्टीत इतकं रोख सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि हे वुडहाउसला ठाऊक होतं, कारण त्याच्यावर ते गुदरलं होतं. लोक समजतात तो सरदारांतलाच. वडील हाँगकाँगमध्ये मॅजिस्ट्रेट, पोरं इंग्लंडमध्ये मावश्या-आत्यांकडे वाढलेली. डलिच कॉलेजात १८९४ ते १९०० शिकला, दक्षिण लंडनच्या उपनगरातलीच शाळा. पुढे ऑक्सफर्डला जायचं होतं. पण वडिलांची पेन्शन यायची रुपयांत! रुपयाचा भाव वरखाली, त्यात दोन मुलांचा ऑक्सफर्डचा खर्च झेपेना. थोरला भाऊ आर्मिन गेला. तो पुढे मुंबईला येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. धाकट्याला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन शाखेत चिकटवलं. दोन वर्षं त्याने तिथे खर्डेघाशी केली, रात्री लिहायचा. मी स्वतः छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

बिनधास्त

माफ करा, पण मला हे पटत नाही. वर्ग, भांडवल, जमीन… वुडहाउस यासाठी वाचायचा असतो का? लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली त्याच्या बचावासाठी लेख लिहिला, त्यात स्पष्ट म्हटलंय की वुडहाउस सरदारांवर टीका करतो असं समजणारे त्याला चुकीचं वाचतात. त्याचं त्या जगावर प्रेम आहे. काका फ्रेड हा आनंदी माणूस आहे, बस्स. जाईल तिथे आनंद वाटणं हे त्याचं ब्रीद. लोक घाबरून जगतात, हा घाबरत नाही. हेच तर आपल्याला आवडतं.

शब्दवेडा

बिनधास्त, प्रेम आहे हे शंभर टक्के मान्य. ऑर्वेलही बरोबर. पण प्रेमाने लिहिणारा माणूस आंधळा असतो असं नाही. आनंद वाटायला अंगात न घाबरणं लागतं म्हणता, ते न घाबरणं येतं कुठून?

कुत्र्यांच्या शर्यतीची गोष्ट घ्या. या गोष्टीत तिचा नुसता उल्लेख येतो आणि पाँगो त्या आठवणीनेच थरथरतो. काकाने त्याला तिथे नेलं होतं आणि दोघं मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहिले होते. इंग्लंडमध्ये या शर्यती १९२६ ला सुरू झाल्या, कामगारांची करमणूक. नंतरच्या कादंबरीत कळतं की पाँगोने पोलिसांना नाव सांगितलं होतं एडविन स्मिथ, राहणार ईस्ट डलिच. अडचणीत आल्यावर वरच्या वर्गाने घातलेला कोट कोणाचा? उपनगरातल्या साध्या माणसाचा. खऱ्या एडविन स्मिथची तीच बदनामी त्याला नोकरीवरून घरी बसवू शकली असती.

कुंदा

इथे मी काकाची थोडी बाजू घेते. पुढच्या पुस्तकांत त्याची पूर्वकथा येते. तो धाकटा मुलगा होता, वारसा मिळायची आशा नव्हती, म्हणून अमेरिकेत जाऊन गुरं राखली, सोडा फाउंटनवर काम केलं, बातमीदारी केली. मग मधले वारस गेले आणि हा अर्ल झाला. म्हणजे त्याने काउंटरच्या पलीकडची बाजू पाहिली आहे. विल्बरफोर्सकडे तो वरून बघत नाही, याचं कारण मला तिथे दिसतं.

पाँगोचं उलट. त्याने काही केलेलंच नाही, म्हणून त्याला सारखी भीती की कोणी ओळखेल.

अनुवादिनी

मी या गोष्टीचं मराठी करायचा प्रयत्न स्वतःपुरता केला होता, अर्ध्यात सोडला. का सोडला ते सांगते.

ईलला काय म्हणायचं? आपल्याकडची वाम ही समुद्रातली, त्याच कुळातली. ‘वाम शिजवतो’ म्हटलं तर कोकणी वाचकाच्या तोंडाला पाणी सुटेल, कॉनीची किळस पोचणार नाही. ‘सुकट विकतो’ केलं तर किळस पोचते, पण मग गोष्टीत आपली जात येऊन बसते. इंग्रजीत तो धंद्याचा आणि वस्तीचा प्रश्न आहे. मराठीत मासे म्हटले की लगेच कोणाच्या घरात काय शिजतं हा प्रश्न होतो, आणि त्याचं उत्तर शंभर पौंडांत मिळत नाही. धंद्यातल्या भागीदारीने आपल्याकडचा सासरा पाघळणार नाही. तिथे मी थांबले.

दुसरी अडचण बोलीची. अर्ल सरदारी उच्चारात ‘मी पक्ष्यांच्या दुकानातून आलोय’ म्हणतो आणि समोरचा विश्वास ठेवतो हे कसं? उच्चारावरून माणसाची पायरी ओळखणं हा तर इंग्रजांचा छंद. पुलंनी ‘ती फुलराणी’ केली तेव्हा तो सगळा खेळ मराठी बोलींवर उभा करता आला, कारण मूळ नाटकच उच्चारांवर होतं. इथे वुडहाउस त्या वाटेला जातच नाही. काका जसा बोलतो तसाच बोलत राहतो, पण थांबत नाही, अडखळत नाही. मला वाटतं ऐकणाऱ्यांना तो आवाज ओळखू येतोच. आणि त्या आवाजात कोणी सांगितलेली गोष्ट खोटी असेल अशी शंका घ्यायची सवय त्यांना नाही.

माजी कारकून

अनुवादिनी, शेवटचं वाक्य लिहून ठेवतो. साहेबाच्या आवाजात फोन आला की आम्हीही आधी उभे राहायचो, मग ऐकायचो.

सुमन व.

बरेच दिवस इथे नुसतं वाचते, लिहीत नाही. पण या धाग्याने राहवेना.

सगळे कॉनी, क्लॉड, रॉडिस, विल्बरफोर्स यांच्यावर बोललात. दार उघडणाऱ्या बाईबद्दल कोणीच काही म्हणालं नाही. शब्दवेडा यांनी कथानक सांगताना तिला अर्धं वाक्य दिलंय: बाई दोघांना आत घेते आणि बाहेर निघून जाते. माझं लक्ष तिथेच अडकतं. तिच्यावर घर सोपवलंय. दारात टापटीप कपड्यांतला, गोड बोलणारा मोठा माणूस. तो म्हणतो मालकाचंच काम आहे. ती कशी नाही म्हणणार? संध्याकाळी खरा रॉडिस पोलीस घेऊन घरात शिरला की पहिला प्रश्न कोणाला विचारणार, तुम्हीच सांगा.

मी थोडं शोधलं. १९३१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ लाख बायका घरकामात होत्या. जुनी मालकीण चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी देईल तरच पुढचं काम. चिठ्ठी नाही तर दार बंद. आणि ती चिठ्ठी द्यावीच असा कायदा नव्हता.

हे माझ्या मनात का येतं ते सांगते. माझी आई पुण्यात एका बंगल्यात कामाला होती. एकदा साहेब-बाईसाहेब बाहेर गेलेले असताना एक माणूस आला, पँट-शर्ट, हातात वही. म्हणाला, साहेबांनी रेडिओ दुरुस्तीला न्यायला सांगितलाय. रेडिओ खरंच खरखरत होता. आईने स्वतः तो टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या हातात दिला, तारही नीट गुंडाळून दिली. संध्याकाळी तिला काढून टाकलं. त्या महिन्याचे पैसेही कापून घेतले. मी सात वर्षांची होते. ती घरी आली आणि तो टॉवेल आमचा होता, तो पण गेला, एवढंच म्हणत राहिली.

मी ही गोष्ट वाचते, ईलच्या वाक्याला मनापासून हसते, काका मला आवडतो. पण दार उघडलं की दर वेळी पोटात गोळा येतो.

शब्दवेडा

सुमनताई, आत्ता पुन्हा गोष्ट काढून बसलो. ती बाई दारातून बाहेर जाते ती परत येतच नाही. काका कॉनीला उत्तर देतो, विल्बरफोर्सला पैसे देतो, रॉडिसला रस्त्यात गाठतो. हिचं मागे काय होणार याचा विचार तो करत नाही, लेखकही करत नाही, आणि वीस वेळा वाचून मीही केला नव्हता. लहानपणी वुडहाउसला नातलगांबरोबर मोठ्या घरी भेटीला नेत, तेव्हा पोरांना चहासाठी नोकरांच्या खोलीत पाठवत, असं त्यानेच लिहिलंय. त्याला ती माणसं जवळून माहीत होती.

तुमच्या आईंना पुढे काम मिळालं का?

सुमन व.

मिळालं. सहा महिन्यांनी, दुसऱ्या पेठेत. तिथे धुणं-भांडी सगळं केलं, एकवीस वर्षं. फक्त दार उघडायची नाही. घंटा वाजली की हातातलं भांडं खाली ठेवायची आणि आत जाऊन बाईसाहेबांना सांगायची, कोणीतरी आलंय, तुम्ही बघा.